‘रिप्लेस’ म्हणण्याआधी

पाचोरा-जामनेरची नॅरोगेज, आमची ‘पीजे’, २०२० मध्ये कोरोनात थांबली ती थांबलीच. ५६ किलोमीटरची ती लाइन आमच्या पहूरवरून जायची. आता ती मी संगणकावर चालवतो. ‘ओपन रेल्स’ हे मोफत मिळणारं सिम्युलेटर. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ‘ट्रेन सिम्युलेटर’साठी हौशी लोकांनी बनवलेली इंजिनं, डबे, रूट त्यात चालतात. पहूर-शेंदुर्णी एवढा तुकडा मी स्वतः उभा करत होतो, गाड्या मात्र दुसऱ्यांच्या.

दिवाळीत भाचा पेनड्राइव्हवर इंजिनांचा भलामोठा पॅक घेऊन आला आणि त्यानं तो थेट मूळ फोल्डरवर उघडला. विंडोजनं रीतसर विचारलं होतं, या नावाच्या फाइली आधीच आहेत, काय करू? “मामा, सगळ्याला रिप्लेस म्हटलं. नवीन म्हणजे चांगलंच असंल ना!”

संध्याकाळी पाहतो तर भुसावळ शेडच्या डब्ल्यूएपी-४ वर भलताच रंग चढलेला, मालगाडीचे मधलेच डबे गायब आणि माझा पीजेचा रूट तर उघडेचना.

डब्यांचं कोडं लवकर सुटलं. ‘कन्सिस्ट’ म्हणजे कुठल्या फोल्डरमधला कुठला डबा जोडायचा याची यादी. फाइलचं नाव एका अक्षरानं बदललं तरी तो डबा सापडत नाही. ओपन रेल्स त्याला वगळून पुढं जातं आणि लॉग फाइलमध्ये तशी नोंद करतं. हा लॉग डेस्कटॉपवरच पडलेला असतो, पण तो उघडायचं कुणाला सुचत नाही. मलाही अंदाज बांधण्यात रात्र घालवल्यावरच सुचलं.

खरी खोड ‘ग्लोबल’ फोल्डरमध्ये होती. रुळांचे, सांध्यांचे सगळे तुकडे ‘टीसेक्शन.डॅट’ नावाच्या एकाच फाइलीत नोंदलेले असतात आणि सगळे रूट तीच फाइल वाचतात. पॅकमध्ये तिची कुठलीतरी जुनी आवृत्ती होती, ती नव्यावर बसली. माझ्या रूटमधले नवे तुकडे त्या जुन्या फाइलीला ठाऊकच नव्हते. म्हणून सांगतो, इंजिनाच्या पॅकमध्ये ‘ग्लोबल’ दिसलं तर ते बाजूला काढा. इंजिनाला त्याची गरज नसते.

आता कुठलाही पॅक आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उघडतो. ओपन रेल्सच्या पर्यायांत एकापेक्षा जास्त कंटेंट फोल्डर जोडता येतात; त्यातला एक मी ‘चाचणी’ या नावानं ठेवलाय, ‘ग्लोबल’ची स्वतंत्र प्रत घालून. तिथं एक-एक इंजिन चालवून बघायचं, मगच मुख्य घरात घ्यायचं. मूळ झिप पुसायची नाही. आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळं झिप पूर्ण उतरली का, हे उघडून तपासायचं. सोबतचं रीडमी वाचायचं: बनवणाऱ्याचं नाव त्यात असतं आणि पुढं वाटायला परवानगी आहे का तेही. दहा जणांचं काम एकत्र कोंबून ‘मेगा पॅक’ करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बिघडलं तर विचारायचं कुणाला?

स्वतःचा रूट बनवत असाल तर बॅकअप अख्ख्या फोल्डरचा घ्या. ‘वर्ल्ड’मध्ये रुळापासून झाडापर्यंत काय कुठं ठेवलं ते असतं, तर ‘टीडीबी’मध्ये रूळ एकमेकांना कसे जोडले ते. एक आजचं आणि दुसरं गेल्या महिन्याचं असलं की दोघांचं जुळत नाही आणि असलेलंही बिघडतं. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस टाका, म्हणजे ते आपोआप क्रमानं लागतात. आणि एक प्रत संगणकाबाहेर असू द्या. माझा रूट असाच बिघडला; शेंदुर्णीच्या स्टेशनाची माझी इमारत तेवढी भावाच्या लॅपटॉपवर होती, म्हणून वाचली. पहूरचं यार्ड पुन्हा टाकतोय.