रेडिओ मध्येच का थांबतो?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले. हातकणंगल्याहून कोल्हापूरला जाणे अवघड झाले. अम्मी कोल्हापुरात होत्या. घरात वीज नव्हती. पुराच्या बातम्यांसाठी मामूंच्या मोटारीतला रेडिओ होता. पण तो मध्येच बंद पडे, मध्येच बोलू लागे.

"नवाच घ्या," शेजारी म्हणाले.

मामू म्हणाले, "आधी दोष शोधू, मग खर्च करू. बेटा, वही घे. रेडिओ थांबला की काय होते ते लिही."

मामूंनी मला समजावले : दिवा चालू असून नुसती खरखर आली, तर एरियल पाहावी. दिवा चालू, पण आवाजच नाही, तर स्पीकरची तार पाहावी. दिवाही गेला, तर वीज पोहोचत नाही. फ्यूज जळला असता, तर रेडिओ पुन्हा बोललाच नसता.

आमचा दिवा प्रत्येक खड्ड्याला जात होता. मामूंनी आधी बॅटरीची ऋण तार सोडवली. मग रेडिओ बाहेर काढला. मागची अर्थची तार गंजून सैल झाली होती. तिचे टोक घासले, स्क्रू आवळला, बॅटरी जोडली. त्या संध्याकाळी आम्ही साऱ्या बातम्या ऐकल्या. रेडिओ एकदाही थांबला नाही.

शब्दार्थ : महापूर – मोठा पूर, सैल – ढिला, दोष – बिघाड.

स्वाध्याय
१. फ्यूज जळला नाही, हे मामूंनी कसे ओळखले?
२. मामूंनी बॅटरीची तार आधी का सोडवली असेल?