गावचं हायस्कूल, मुंबईचं मंडळ आणि राहून गेलेले कागद



आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कितीतरी गावांची हायस्कूलं मुंबईच्या मंडळांनी उभी केली. गिरणीत, गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली, गावातल्यांनी चिरे वाहिले, कुणी जागा दिली. कागद मात्र फारसा कुणी केला नाही. तेव्हा शब्दाला किंमत होती! आज ती पिढी नाही, आणि मंडळाची सभा भरली की प्रोसिडिंग लिहायला आपल्यासारख्यांनाच बसवतात. म्हणून हा विषय आपला.

पहिलं काम जागेचं. शाळेच्या जमिनीचा सातबारा काढून बघा. त्यावर संस्थेचं नाव नसून जागा देणाऱ्या आजोबांचंच नाव असेल, तर शाळा अजून दुसऱ्याच्या जमिनीत उभी आहे असं समजा. "त्यांनी बक्षीस दिली होती" हे सगळा गाव सांगेल, पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ प्रमाणे जमिनीचं बक्षीसपत्र लेखी लागतं, त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. जुना ठराव, कोनशिलेवरचं नाव हे पुरावे म्हणून कामाला येतील, पण त्यांनी मालकी येत नाही. त्यात आपल्याकडे सामाईक खाती. एका खात्यावर पंधरा वारस, कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला. एका काकांनी हो म्हटलं म्हणून बाकीच्यांचा हिस्सा सुटत नाही. रस्ता रुंद झाला, भाव वाढले की नातवंडं विचारायला येतात, आणि त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही.

दुसरं, संस्थेची नोंद. आपली बहुतेक मंडळं १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली असतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहतो. मग दफ्तरी वारलेले अध्यक्षच अध्यक्ष राहतात, आणि पुढे दोन गट पडले की खरी कमिटी कोणती यावर वाद सुरू होतो. पगाराच्या कागदावर सही कुणाची, इथपर्यंत तो वर्गात येतो.

करारांबद्दल. मोबाईल टॉवरवाले गच्चीसाठी १५ वर्षांचा करार घेऊन येतात, भाडं चांगलं असतं. पण सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा १० वर्षं आहे. चिटणीसांनी एकट्याने सही करून टाकली तर तो करार टिकत नाही. विश्वस्तांच्या ढोबळ निष्काळजीपणाने किंवा विश्वासभंगाने संस्थेचं नुकसान झालं, तर ते त्यांच्याकडून भरून घेण्याचा आदेशही होऊ शकतो. "आम्ही तर फुकट काम करतो" ही सबब तिथे पुरत नाही.

आखाती देशांतून येणाऱ्या देणग्यांचंही बघा. गावचा मुलगा दुबईला आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने बँकेतून पाठवलेली स्वतःची कमाई परदेशी देणगी ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र २०१० चा परदेशी अंशदान कायदा लागू होतो. त्याची नोंदणी वा परवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं खातं नसताना तो पैसा घेऊ नये. देणगीदाराला हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

सहलीच्या हमीपत्राबद्दल पालक नेहमी विचारतात. "काही झाल्यास शाळा जबाबदार नाही" असं लिहून घेतल्याने शिक्षकांचा निष्काळजीपणा माफ होत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं गेली. भरती-ओहोटीची चौकशी करणं, मुलांना पाण्यापासून लांब ठेवणं आणि सोबत पुरेसे मोठे नेणं, हेच आपल्या हातातलं.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये कपाटंच्या कपाटं भिजली. त्यामुळे घटना, नोंदणी दाखला, सातबारा, हिशेब यांचे मोबाईलवर फोटो काढून निदान तिघांकडे ठेवा. इमारतीचा विमा असेल तर वादळ आणि पूर त्यात धरलेत का, तेही वाचा.

आणि वारसांच्या सह्या घ्यायच्या असतील तर मे महिना धरा. गणपतीत माणसं सगळी असतात, पण कचेरीला सुट्टी असते, आणि आरत्या-भजनं सोडून तालुक्याला यायला कुणी तयार होत नाही.