संगणकातील शेती नोंदींची राखीव प्रत : स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या बागायतदारांसाठी

रोपवाटिकेत आपण शंभरामागे दहा रोपे जादा तयार करतो, ती नांग्या भरण्यासाठी. संगणकातील नोंदींची अशी जादा प्रत मात्र फार थोडे जण ठेवतात. ठेवणाऱ्यांपैकीही ती वेळेवर परत कशी भरायची याचा सराव केलेले विरळच.

२०२४ च्या जानेवारीत एका द्राक्ष बागायतदारांकडे जाण्याचा योग आला. मधुमेहामुळे त्यांची दृष्टी गेली आहे. फवारणीची नोंदवही ते एक्सेलमध्ये स्वतः लिहितात आणि स्क्रीन रीडर ती त्यांना वाचून दाखवतो. फळछाटणीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, त्यांनी फाईलची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली होती. जानेवारीत मजुरांच्या हजेरीची फाईल बिघडली म्हणून त्यांनी पेन ड्राइव्हवरचे संपूर्ण फोल्डर संगणकात परत आणले. मध्येच संगणकाने काही विचारले, त्यांनी एंटर दाबला आणि काम झाले असे वाटले. हजेरीची फाईल परत आली, पण फवारणीची चांगली फाईलही ऑक्टोबरच्या फाईलखाली गाडली गेली. तीन महिन्यांच्या फवारण्या गेल्या. माल निर्यातीचा होता. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले हे दाखवायचे तर नोंद हवीच. कृषी सेवा केंद्राची बिले जमवून नोंदवही पुन्हा उभी करण्यात त्यांचा आठवडा गेला.

यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. डोळस माणसाला पडद्यावर दोन्ही फाईलींच्या तारखा शेजारी-शेजारी दिसू शकतात. ऐकणाऱ्याला एका वेळी एकच ओळ मिळते, आणि संगणकाने जी ओळ आधी पुढे केली तीच बहुधा दाबली जाते. त्याच नावाची फाईल तेथे आधीच असेल तर विंडोज तीन पर्याय देते : जुनीच्या जागी नवी टाकणे म्हणजे 'रिप्लेस', ती सोडून देणे म्हणजे 'स्किप', किंवा दोन्हींची तुलना करणे. पहिला पर्याय 'रिप्लेस'च असतो. अशी झाकली गेलेली फाईल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. म्हणून हा प्रश्न मुळात उद्भवणारच नाही अशी कामाची पद्धत ठेवावी.

प्रत घेण्याची रीत

येथे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर गृहीत धरला आहे. तो मोफत आहे. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे. उच्चार थोडे यांत्रिक वाटतात, पण आठवडाभरात कान सरावतो. खाली 'एनव्हीडीए कळ' म्हटले आहे ती म्हणजे इन्सर्ट, किंवा तशी निवड केली असल्यास कॅप्सलॉक.

सर्व शेती नोंदी प्रथम एकाच फोल्डरमध्ये आणाव्यात. डेस्कटॉपवर दोन, डाऊनलोडमध्ये तीन अशा विखुरलेल्या फाईलींची प्रत कधीच पूर्ण होत नाही. नंतर पेन ड्राइव्ह लावून विंडोज व ई या कळा एकत्र दाबाव्यात, पेन ड्राइव्हमध्ये जावे आणि कंट्रोल, शिफ्ट व एन दाबून नवे फोल्डर तयार करावे. त्याला त्या दिवसाची तारीख हेच नाव द्यावे; आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, जसे २०२५-१०-१५. या क्रमाने नावे दिली की यादी आपोआप काळानुसार लागते. आता शेती फोल्डरवर कंट्रोल व सी आणि तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये कंट्रोल व व्ही दाबावे. फोल्डर दर वेळी नवे असल्याने 'रिप्लेस'चा प्रश्न येत नाही. काम मोठे असल्यास एनव्हीडीए टूं-टूं असा चढत जाणारा सूर देतो. सूर नको असेल तर एनव्हीडीए कळ व यू दाबून बोललेली टक्केवारी ऐकता येते. फाईली लहान असतील तर सूर ऐकू येण्याआधीच काम संपते, त्याने गोंधळू नये.

प्रत झाल्यावर मूळ फोल्डरवर ऑल्ट व एंटर दाबावे, मग एनव्हीडीए कळ व बी. खिडकीतला सगळा मजकूर वाचला जातो, त्यातून फाईलींची संख्या व आकार लक्षात ठेवावा. तेच प्रतीवर करावे. आकडे जुळले तरच पेन ड्राइव्हवर शिफ्ट व एफ१० दाबून 'इजेक्ट' निवडावे आणि पेन ड्राइव्ह काढावा. तो संगणकाला कायम लावून ठेवू नये. खंडणीखोर विषाणू शिरला तर लावलेला पेन ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडतो.

किती वेळा प्रत घ्यावी असे विचारले जाते. माझे मत असे की ठरावीक तारखेपेक्षा पिकाच्या कामाशी ती बांधावी. द्राक्षात खरडछाटणी आणि फळछाटणी झाल्यावर, आणि फळछाटणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला. ऑनलाईन ड्राइव्ह वापरत असाल तर चांगलेच, पण तेवढ्यावर विसंबू नये. संगणकाशी जोडलेल्या फोल्डरमधून चुकून पुसलेली फाईल तिकडूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते.

प्रत परत भरताना

राखीव प्रत कधीही चालू फोल्डरवर थेट टाकू नये. संगणकात 'तपासणी' नावाचे रिकामे फोल्डर करावे व फक्त हवी ती फाईल तेथे आणावी. ती उघडून कंट्रोल व एंड दाबावे. एक्सेलमध्ये आपण वापरातल्या शेवटच्या घरात पोहोचतो. तेथून त्या ओळीची तारीख ऐकावी. ती अपेक्षेप्रमाणे असेल तरच फाईल जागेवर न्यावी, तीही बिघडलेल्या फाईलचे नाव एफ२ ने बदलून झाल्यावर. या वाटेत कोठेही 'रिप्लेस' शब्द कानावर पडला तर एस्केप दाबावे. कोणती खिडकी समोर आहे अशी शंका आली तर एनव्हीडीए कळ व टी दाबल्यास तिचे नाव ऐकू येते. हा सराव गरज नसताना एकदा करून पाहावा.

जुन्या फाईलींबाबत एक अडचण आहे. छपाईच्या दुकानातून श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप करून आणलेला मराठी मजकूर स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरांचा चिवडा वाटतो. त्याची प्रत सुखरूप राहिली तरी ऐकून उपयोग नाही. असा मजकूर आताच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

मूळ संगणकच बंद पडला तर नवा संगणक मुका असतो. नोंदींच्या आधी तेथे आवाज लागतो. म्हणून एनव्हीडीए कळ व एन दाबून मेनू उघडावा, टूल्समध्ये जाऊन पोर्टेबल कॉपी तयार करण्याचा पर्याय निवडावा आणि ती पेन ड्राइव्हवरच ठेवावी. आपल्या सध्याच्या मांडणीसह कॉपी करण्याची चौकट तेथे असते, ती निवडावी. मग वेग, आवाज आणि उच्चारांचा कोशही सोबत येतो. नव्या संगणकावर विंडोज, कंट्रोल व एंटर दाबताच विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलू लागतो. त्याच्या आधाराने पेन ड्राइव्ह उघडून त्यातला एनव्हीडीए सुरू करावा. तो बोलू लागला की नॅरेटर त्याच कळांनी बंद करावा, नाहीतर दोघे एकमेकांवर बोलतात. पुढे त्याच टूल्स मेनूतून एनव्हीडीए कायमचा बसवता येतो.

पेन ड्राइव्ह दोन असावेत. एकाच्या कडीला दोऱ्याची एक गाठ मारावी, दुसऱ्याला दोन, म्हणजे हाताला ओळख राहते. त्यांतला एक बहिणीकडे किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवावा, आणि छाटणीनंतरची प्रत त्यावर घेण्यासाठी तेवढाच मागवून घ्यावा. वर उल्लेख केलेल्या बागायतदारांनी आता दोन गाठींचा पेन ड्राइव्ह मुलीच्या सासरी ठेवला आहे.