कंपवाताच्या रुग्णाला झोप का लागत नाही?

हात थरथरणे, चाल मंदावणे, अंग ताठरणे ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, सर्वांना दिसणारी लक्षणे. मेंदूतील डोपामाइन हे रसायन कमी झाल्याने ती होतात. पण हाच आजार झोपही मोडतो, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. मग ‘म्हातारा मुद्दाम झोपू देत नाही’ अशी चिडचिड होते. त्यापेक्षा कारण शोधावे.

कूस वळत नाही : रात्री औषधाचा अंमल उतरला की अंग लाकडासारखे होते. डॉक्टर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून देऊ शकतात. जमिनीवरून उठणे जड जाते, म्हणून गुडघ्याइतक्या उंचीची, न हलणारी खाट द्यावी. जड गोधडीऐवजी हलके पांघरूण बरे.

वारंवार लघवी : पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर कमी प्यावे. दुपारनंतर चहा टाळावा. संडास गल्लीच्या टोकाला असेल तर खाटेजवळ भांडे ठेवावे. रात्री मंद दिवा असावा. एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून आधी काठावर थोडे बसावे.

झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे : स्वप्न पडताना आपले स्नायू सैल असतात. या आजारात तो लगाम सुटतो आणि माणूस स्वप्नातली हाणामारी प्रत्यक्षात करतो. ही बाहेरची बाधा नव्हे. अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांना सांगा, यावर उपचार आहे. काचेच्या व टोकदार वस्तू अंथरुणापासून दूर ठेवा.

सकाळचे ऊन, रोजचे चालणे आणि दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त न झोपणे, यांचाही रात्री उपयोग होतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी आणू नका. तिने तोल जातो, भ्रम वाढतो. कंपवाताच्या गोळ्या अचानक बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते. रुग्णाला नसलेली माणसे दिसू लागली तर लगेच डॉक्टरांना गाठा.

जागरणाचा भार एकट्या सुनेवर किंवा पत्नीवर टाकू नका, पाळी लावा. आठवडाभर वहीत लिहा : गोळी किती वाजता दिली, रुग्ण किती वेळा उठला, काय झाले. मोठ्या सरकारी रुग्णालयातील मेंदूविकार विभागात जाताना ती वही सोबत न्या. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना रुग्णाचा दिवस दिसतो. रात्र घरच्यांनीच सांगायची असते.