अंग दुखते तेव्हा
(महिला मंडळांसाठी अभ्यासपाठ. वाचन : मार्क ५:२१-४३)



अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसले, तर बायकांची तीच गाऱ्हाणी कानावर पडतात. कंबर धरली आहे, डोके ठणकते, हातापायांना मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, अंगावरून पांढरे जाते. गोळ्या मिळतात आणि महिन्याभराने तीच बाई त्याच बाकावर दिसते. "मला फार दुःख आहे" असे मात्र कुणी म्हणत नाही. आपल्याकडे बाईला दुखणे सांगायची मुभा आहे, दुःख सांगायची नाही.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढरे जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला व तो २००५ साली प्रसिद्ध झाला. तक्रार करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना जंतुसंसर्ग नव्हताच. या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी व उदासीशी अधिक दिसला. पण यावरून "बाईचे दुखणे म्हणजे मनाचे खेळ" असे कुणी म्हणू नये. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये त्याचा अहवाल निघाला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे शरीर बोलत होते, पण ऐकणारे कुणी नव्हते. आम्हाला वाटते, ती स्त्री स्वतःही ऐकत नव्हती. निंदण, वेचणी, पाणी, स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे, या रगाड्यात शरीर म्हणजे केवळ राबण्याचे अवजार होऊन बसते.

आता शुभवर्तमानाकडे वळू. वर्ष 'ब' च्या सामान्य काळातील तेराव्या रविवारी हे वाचन येते. त्या दिवशी संक्षिप्त वाचन घेतले तर रक्तस्रावी स्त्री त्यातून गळून जाते व केवळ याइराची मुलगी उरते. आम्हाला ही काटछाट नेहमीच खटकते. म्हणून मंडळात वाचताना पूर्ण उतारा वाचावा.

या स्त्रीला बारा वर्षे रक्तस्राव होत होता. वैद्यांपायी होते नव्हते ते सारे खर्च झाले आणि दुखणे उलट वाढले. हा अनुभव आपल्याला नवा नाही. लेवीय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायातील नियमांप्रमाणे ती अशुद्ध होती. ती बसेल ती जागाही विटाळायची. बारा वर्षे कुणी हात न लावलेली बाई आपल्या शरीराविषयी काय विचार करू लागली असेल? तरी तिने हात पुढे केला. मार्क सांगतो की, बरे झाल्याचे तिला आधी स्वतःच्या शरीरात उमगले, कुणी सांगण्यापूर्वीच. प्रभू येशूलाही आपल्यातून शक्ती गेल्याचे आतून जाणवले. मग त्याने तिला शोधले. गर्दीत ती गुपचूप निघून गेली असती तर रक्त थांबलेच होते. पण तिने थरथरत सर्व हकिगत सांगितली आणि त्याने तिला 'मुली' म्हणून हाक मारली. शरीराची जाणीव, मनातले बोलणे आणि माणसांत परत येणे, हे तिन्ही एकाच जागी घडले. पुढे याइराची मुलगी उठते तेव्हा प्रभू काय सांगतो, तर तिला खायला द्या. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाणाऱ्या भगिनींनी या आज्ञेवर जरा थांबावे.

काही जणी म्हणतील, "दुःख हा आपला क्रूस आहे, तो मुकाट्याने वाहायचा." क्रूस आम्हीही मानतो. पण नवऱ्याचा मार आणि उपचाराविना राहिलेले आजारपण यांना क्रूस म्हणून बाईला गप्प बसवणे हा क्रुसाचा अपमान आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या भेटींत मानवी शरीराच्या ईश्वरी अर्थावर सविस्तर शिकवण दिली. आपण विश्वासांगीकारात शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास प्रकट करतो, नुसत्या आत्म्याच्या नव्हे.

मग करायचे काय? रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाय जमिनीवर टेकवावेत, जमिनीचा गारवा जाणवू द्यावा. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. सोडताना लांबवलेल्या श्वासाने छातीची धडधड मंदावते. रोझरीचा एक दशक याच लयीत म्हणता येतो. मग पाहावे, आज खांदे कुठे आवळले आहेत? दात घट्ट मिटले आहेत का? पोटात गोळा कधी आला, कुणाच्या आवाजाने आला? उत्तर मिळालेच पाहिजे असे नाही. रडू आले तर येऊ द्यावे. मात्र जिच्यावर कधी अत्याचार झाला आहे, तिला शरीराकडे लक्ष देताच भीती दाटून येऊ शकते. तिच्यावर जबरदस्ती नको. तिने डोळे उघडे ठेवावेत, फक्त तळहातांपासून सुरुवात करावी, नाहीतर सोडून द्यावे आणि विश्वासू, जाणत्या व्यक्तीजवळ बोलावे.

बोलण्याने फरक पडतो, हे आपल्याच जिल्ह्यात दिसले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या काळात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प चालला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जाऊन ऐकत, समजावत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

छातीत कळ, न थांबणारा रक्तस्राव, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अशा वेळी श्वासाचे व्यायाम करीत बसू नये. अमरावतीला डफरीन, अकोल्याला लेडी हार्डिंग ही जिल्हा स्त्री रुग्णालये आहेत. एकटीला संकोच वाटला तर मंडळातील एखादी ताई सोबत जावी. मनाचा भार असह्य झाला तर 'टेली-मानस' चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तेथे मराठीत बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत आणि शेजारणीलाही द्यावेत, ती कोणत्याही धर्माची असो.