लस, सक्ती आणि सदसद्विवेकबुद्धी



आपल्या छोट्या समूहांच्या सभांत एक विषय निघाला की आवाज हमखास चढतो. तो म्हणजे लसीकरणाचा. ‘माझे शरीर, माझा निर्णय’ असे एकजण म्हणतो. ‘मग तुमच्यामुळे माझ्या नातवाला आजार झाला तर?’ असे दुसरा विचारतो. कोणीतरी ‘पोपसाहेबांनी तर सांगितलेच आहे’ असे म्हणून विषय मिटवायला बघतो. पण पोपसाहेबांनी नेमके काय सांगितले, हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. म्हणून या वेळच्या अभ्यासासाठी हाच विषय घेऊ या.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकातून आला नाही, तो रेल्वेच्या तिकीट खिडकीवर उभा राहिला. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल गाडी सर्वसामान्यांसाठी सुरू झाली, पण दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठीच. त्या वेळी कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये निदान ८४ दिवसांचे अंतर ठेवावे लागत असे. म्हणजे जूनच्या सुरुवातीला पहिला डोस घेतलेल्या माणसालाही सप्टेंबरचा पहिला आठवडा उलटेपर्यंत पास मिळणार नव्हता. विरारहून दादर-चर्चगेटला कामाला जाणाऱ्यांचे काय झाले ते वेगळे सांगायला नको. कागदोपत्री लस ऐच्छिक होती. पण जिची रोजची मजुरी त्या गाडीवर अवलंबून होती, तिला ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा?

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. ते आधी सुटे करू. पहिला, ही लस घेणे ख्रिस्ती माणसाला नैतिकदृष्ट्या चालते का? दुसरा, चालत असली तरी ती घेण्याची सक्ती कोणी करावी का?

पहिल्या प्रश्नाचे मूळ असे. काही लसी तयार करताना विषाणू मानवी पेशींवर वाढवावा लागतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड ‘एचईके २९३’ नावाच्या पेशींवर तयार होत असे. या पेशींचा वंश १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये एका भ्रूणाच्या पेशींपासून सुरू झाला. लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लसीतील रुबेलाचा विषाणू १९६० च्या दशकात सुरू झालेल्या अशाच एका पेशीवंशावर वाढवला जातो. लसीत भ्रूणाचा अंश मिसळलेला असतो, असे व्हॉट्सअपवर फिरते ते खरे नाही. पण ज्या गर्भपातातून त्या पेशी आल्या तो गर्भपात चुकीचा होता, हे ख्रिस्तसभेने कधीही सौम्य केलेले नाही. (कोवॅक्सिन माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर बनत असल्याने तिच्याबाबत हा प्रश्नच नव्हता.)

यावर व्हॅटिकनने एकदा नव्हे तर अनेकदा विचार केला. २००५ साली पोंटिफिकल अकॅडमी फॉर लाइफने, २००८ साली ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजाने आणि २१ डिसेंबर २०२० रोजी धर्मतत्त्वविषयक मंडळाने कोविड लसींसंबंधीच्या टिपणीत भूमिका मांडली. सार एकच आहे. दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसेल आणि आजाराचा धोका गंभीर असेल, तर अशी लस घेता येते. घेणाऱ्याचा त्या मूळ कृत्याशी संबंध फार दूरचा आणि निष्क्रिय असतो. मात्र लस घेतली म्हणजे गर्भपाताला मान्यता दिली असे होत नाही. औषध कंपन्यांनी आणि सरकारांनी निर्दोष पर्याय शोधावेत, ही मागणी आपण चालूच ठेवायची आहे.

रुबेलाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. हा आजार लहान मुलात किरकोळ पुरळ येऊन जातो. पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झाला, तर बाळ पोटातच दगावू शकते किंवा बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणजे शेजारच्या मुलाला टोचलेली सुई अजून जन्माला न आलेल्या बाळाचे रक्षण करते. गर्भातील जीवनासाठी आवाज उठवणाऱ्या आपल्या समाजात ही बाजू क्वचितच ऐकू येते, याचे नवल वाटते.

आता दुसरा प्रश्न. येथे त्याच २०२० च्या टिपणीतील पुढचा परिच्छेद महत्त्वाचा आहे आणि तो दोन्ही बाजूंचे लोक अर्धाच सांगतात. मंडळ म्हणते की लसीकरण हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नाही, म्हणून ते स्वेच्छेचे असावे. सक्तीला विरोध करणारे येथे थांबतात. पण टिपणी पुढे जाते. स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याबरोबर सर्वांच्या हिताची काळजी घेणे हेही कर्तव्य आहे, आणि साथ रोखायला दुसरा उपाय नसेल तेव्हा हे सर्वांचे हित लस घेण्याची शिफारस करू शकते. जो सदसद्विवेकबुद्धीला स्मरून नकार देतो, त्याने इतर उपायांनी व योग्य वागण्याने आपल्याकडून आजार पसरणार नाही यासाठी पराकाष्ठा केली पाहिजे, विशेषतः ज्यांना वैद्यकीय कारणामुळे लस घेता येत नाही अशा दुबळ्यांच्या बाबतीत. म्हणजे नकार देण्याची मोकळीक आहे, पण त्या मोकळिकीची किंमत नकार देणाऱ्याने मोजायची आहे, शेजाऱ्याने नव्हे.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय या दृष्टीने घरी वाचावा. मूर्तींना वाहिलेले मांस खावे की नाही, असा तेथला वाद होता. पौलाच्या मते खायला हरकत नाही. तरीही आपल्या खाण्याने दुबळा बंधू पडणार असेल तर तो स्वतः मांस सोडायला तयार आहे. लक्षात घ्या, तो करिंथच्या मंडळीवर नियम लादत नाही. त्याचा हक्क खरा आहे, आणि दुसऱ्यासाठी तो हक्क बाजूला ठेवणे ही प्रीती आहे. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेण्याला प्रेमाची कृती म्हटले, ते याच अर्थाने.

एवढे सांगितल्यावर एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये खुद्द व्हॅटिकन शहर राज्याने आदेश काढला की लस नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरी जाण्यापर्यंतचे परिणाम भोगावे लागू शकतात. टीका झाल्यावर ते सौम्य करून सांगण्यात आले. पुढे स्विस गार्डमधील तीन जवानांनी लस घेण्यापेक्षा सेवा सोडणे पसंत केले. तेव्हा तत्त्व आणि राज्यकारभार यांचा मेळ घालणे रोमलाही सोपे गेले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू.

सक्तीचा इतिहास जुना आहे. इंग्लंडने १८५३ च्या कायद्याने तान्ह्या बाळांना देवीची लस सक्तीची केली. दंड भरायला पैसे नसलेले गरीब आईबाप तुरुंगात जाऊ लागले. १८८५ साली लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला, आणि अखेर १८९८ च्या कायद्याने मनापासून आक्षेप असलेल्या पालकांना सूट दिली. सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे नकार देणारा नागरिक हा शब्दप्रयोग आज आपण युद्धाच्या संदर्भात ऐकतो, पण कायद्यात तो प्रथम लसीच्या निमित्ताने आला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिज शहरातील पास्टर हेनिंग जेकबसन यांनी देवीची लस नाकारली. त्यांना पाच डॉलर दंड झाला. १९०५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम ठेवला. सर्वांच्या सुरक्षिततेसाठी राज्य व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर वाजवी मर्यादा घालू शकते, असा तो निर्णय होता. ऐकायला योग्य वाटतो. पण बावीस वर्षांनी, १९२७ मध्ये, त्याच न्यायालयाने व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीची नसबंदी तिच्या मनाविरुद्ध करायला परवानगी दिली, आणि आधार म्हणून जेकबसन यांच्याच खटल्याचा दाखला दिला. लसीची सक्ती चालते, तर ही का नको, असा तो तर्क! नऊ न्यायाधीशांपैकी फक्त एकाने विरोध नोंदवला, पिअर्स बटलर. ते कॅथोलिक होते. आपल्या देशातही १९७५-७७ च्या आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने लोकांचा सरकारी सुईवरचा आणि सरकारी दवाखान्यावरचा विश्वास किती उडाला, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. सक्ती करणाऱ्याचा हेतू आज चांगला असला, तरी ते हत्यार उद्या कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही.

मुंबईच्या प्लेगची आठवण वांद्र्याच्या गावठाणांतले क्रूस आजही देतात. त्या साथीत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. तिकडे पुण्यात घरात घुसून झडत्या घेणाऱ्या प्लेग कमिटीविरुद्ध संताप उसळला आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आगाखान यांनी मात्र आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेऊन त्यांची भीती घालवली. कोणता मार्ग माणसांपर्यंत पोहोचला, ते दिसतेच. तरी हाफकिन यांच्या कामातही १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी अनर्थ घडला. एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. लसीच्या कामात चूक कधी होतच नाही असे म्हणणे हेही खोटेच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, कारण शरीराची अखंडता घटनेच्या कलम २१ मध्ये संरक्षित आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार मर्यादा घालू शकते, पण त्या प्रमाणात असल्या पाहिजेत, हेही सांगितले. लस न घेतलेल्यापासून होणारा संसर्गाचा धोका लस घेतलेल्यापेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नव्हती. म्हणून प्रवासबंदीसारखे निर्बंध न्यायालयाला प्रमाणात वाटले नाहीत.

हा युक्तिवाद नीट समजून घ्यावा, कारण तो प्रत्येक लसीला सारखा लागू होत नाही. कोविडची लस प्रामुख्याने घेणाऱ्याला गंभीर आजारापासून वाचवत होती. पसरण्याला तिचा अटकाव कमी आणि थोड्या काळापुरता होता. गोवराचे तसे नाही. ती लस पसरणेच रोखते, आणि साथ थांबायला सुमारे ९५ टक्के मुलांना तिचे संरक्षण लागते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराने मुले दगावली. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. त्याआधीच्या बाळाला निवडच नसते. ते पूर्णपणे शेजाऱ्यांच्या निर्णयावर जगते. एका लसीबाबतचे मत दुसऱ्या लसीला चिकटवणे, ही या वादातील सर्वात मोठी गफलत आहे असे मला वाटते.

आणखी एक मुद्दा न्यायाचा आहे. क्वचित एखाद्याला लसीमुळे खरोखर इजा होते. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याची दुर्मिळ प्रकरणे नोंदली गेली आहेत. ब्रिटनमध्ये अशा कुटुंबांना मदत देण्याचा कायदा १९७९ पासून आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली की लस ऐच्छिक असल्याने भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही. लोकलचा पास डोसाला बांधायचा आणि इजा झाली की ‘तुम्हीच घेतली होती’ म्हणायचे, हे पटणारे नाही. सर्वांच्या हितासाठी ज्याने झीज सोसली त्याचा भार सर्वांनी उचलावा, हे सर्वांच्या हिताचेच दुसरे अंग आहे.

मुलांच्या बाबतीत निर्णय आईवडिलांचा. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय शाळेत गोवर-रुबेलाची लस देण्यास मनाई केली, ती याच कारणाने. पण संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे. कॅटेकिझम शिकवते की सदसद्विवेकबुद्धीचे ऐकावेच लागते, आणि ती घडवण्याचा कष्टही घ्यावाच लागतो. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याला आणि औषधाला देवाची देणगी मानतो. तेव्हा अंगणवाडीतील ताईंना, आशा सेविकेला किंवा आपल्या डॉक्टरांना विचारा: या लसीने काय टळते, त्रास काय होऊ शकतो, माझ्या मुलाला ती न देण्याचे वैद्यकीय कारण आहे का? फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर मुलाचा निर्णय सोपवू नये.

समूहसभेत चर्चेसाठी एक प्रश्न ठेवतो. नकार देणाऱ्याने आजार पसरू नये म्हणून पराकाष्ठा करावी, असे टिपणी कोविडबद्दल सांगते. तीच अट गोवराला लावून पाहा. गोवर झालेले मूल पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवते, आणि ते खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणजे आईच्या लक्षात येईपर्यंत ते मूल रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसून गेलेले असेल, मिस्सेला मागच्या बाकावर तान्ह्या बाळांच्या शेजारी उभे राहून गेलेले असेल. अशा वेळी लस नाकारलेल्या पालकांनी ती पराकाष्ठा नेमकी कशी करावी?