आधी माया उलटून बघ

अगं, तुझं ते इरकल लुगड्याचं जाकीट किती जुनं, असं एका आकड्यात विचारू नकोस. कापडाचं वय वेगळं, पहिल्या शिवणीचं वेगळं आणि शेवटच्या दुरुस्तीचं आणखी वेगळं. आपल्या धारवाड-हुबळीकडच्या घरांत एकच लुगडं आधी नऊवारी म्हणून नेसलं गेलं, मग त्याचं परकर-पोलकं झालं आणि उरलेलं कौदीत, म्हणजे गोधडीत, गेलं. तेव्हा कात्री लांब ठेव, जाकीट उलटं कर आणि उजेडात घेऊन बस.

सगळ्यात आधी बाजूच्या शिवणीतली माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, बघ. तिथं ऊन लागत नाही, घासही कमी बसते, म्हणून मूळ रंग तिथं जास्त टिकतो. कुणी कपडा सैल करताना टीप उसवून माया बाहेर घेतली असेल, तर बाहेरून एक गडद पट्टी दिसते आणि तिच्या कडेला जुन्या सुईच्या भोकांची रांग असते. पट्टी आजूबाजूच्या कापडापेक्षा बरीच गडद असेल, तर कपडा पुष्कळ वापरून मग सैल केला. फरक अगदी थोडा असेल, तर दुरुस्ती बहुधा लवकरच झाली.

मग कसुतीचं भरतकाम बघ. नक्षीतलं गोपूर किंवा हत्ती शिवणीत अर्धा कापला गेला असेल, तर कसुती लुगड्यावर आधीपासून होती. आणि नक्षी गळ्याच्या वळणाबरोबर नेमकी बसली असेल, तर ती जाकीट बेतल्यानंतर भरलेली. कसुतीतला गवंती टाका नीट भरला असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, गाठ कुठं सापडत नाही. पण एवढ्यावरून जुनेपण ठरवू नकोस, आजही आपल्याकडे असं सुरेख भरणाऱ्या बायका आहेत. पाठीवर कुठं अंगाचं सूत आणि पदराचं रेशीम एकमेकांत फासे अडकवून जोडलेलं दिसलं, तर ती इरकलची टोपपदराची जोडणी. तो तुकडा लुगड्याच्या कुठल्या टोकाचा, हे तिथंच कळतं.

दोरा तपासायचा तर मायेत टिपेचा सुटलेला एखादाच धागा चिमट्यात धर आणि स्टीलच्या ताटलीवर जाळ. सूत कागदासारखं जळतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. वितळून कडक मणी झाला, तर दोरा कृत्रिम, बहुधा पॉलिएस्टरचा. म्हणजे निदान ती टीप तरी बहुधा साठच्या दशकाआधीची नाही, कापड कितीही जुनं असो. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कापड चमकलं म्हणून ते नवं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. सर्फ 1959 मध्ये आपल्याकडे आलं, आणि अशा पावडरीत धुतलेलं पणजीचं लुगडंही त्या दिव्याखाली चमकतं.

जाकिटाऐवजी कोट असेल तर शिंप्याचं लेबल मला सगळ्यात आवडतं. धारवाड जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचं कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. आता नीट विचार कर. शिंपी जुनी लेबलं संपेपर्यंत वापरणारच, म्हणून ‘म्हैसूर राज्य’ असलेलं लेबल 1973 नंतरही लागलेलं असू शकतं. पण धारवाड-हुबळीचा 580 नं सुरू होणारा पिनकोड ज्यावर छापलाय, ते लेबल 1972 च्या आधी कोटात येणं शक्य नाही. सगळीकडे हाच नियम धर: सर्वांत नवी गोष्ट शोध, आताचं रूप तिच्या आधीचं नाही. फक्त लेबलाभोवतीचे टाकेही बघ. मोठ्या माणसाचा कोट मुलासाठी आटवताना लेबल काढून पुन्हा लावलेलं असतं, आणि मग कोटभर एक दोरा नि लेबलाला दुसरा दिसतो.

आणि तू म्हणतेस तसं ‘मूळ रूपात’ आणायला ते जाकीट उसवू नकोस गं. ज्या बाईनं काठ वाया जाऊ नये म्हणून तो बाहीला फिरवून लावला, तिचा हिशोब त्या टिपांमध्येच आहे. उसवलीस की नुसतं भोकं पडलेलं कापड हातात राहील. कुठं फाटतंच असेल, तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढ, मग आतून सुती कापडाचा तुकडा लावून हातानं टाके घाल. आणि या रविवारी आत्याकडे घेऊन जा ते. बाही कुणी लावली, हे तिला सांगता येईल, आणि तिनं सांगितलेलं तिथल्या तिथं वहीत लिहून घे.